आहेराचा रुपया आणि उन्हांतल्या चान्या

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा मथळा ऐकून कांहीं घरांतून भुंवया उंचावल्या असतील. लग्नांतला आहेर आणि उन्हांत वाळविलेलें मांस यांचा एकमेकांशीं संबंध तो काय? एक मांडवांतला, कुंकू लावून तबकांत ठेवलेला. दुसरें गांवकुसाबाहेर दोरीवर टांगलेलें, ज्याचें नांव काढणेंहि पांढरपेशा मंडळींत अप्रशस्त मानलें गेलें. परंतु वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचीं पानें थोड्या धीरानें उलटलीं, तर हीं दोन्हीं एकाच गरजेचीं अपत्यें आहेत असें दिसून येतें. उन्हाळ्यांत लग्नसराई असते आणि उन्हाळ्यांतच वाळवणें घालतात. दोहोंचा हेतुहि एकच : आज हाताशीं आहे त्यांतलें कांहीं उद्यांच्या अडचणीसाठीं राखून ठेवणें. मग एकाला मान कां मिळाला आणि दुसऱ्याच्या वांट्यास लाज कां आली, हा प्रश्न आज आपणांस पाहावयाचा आहे.

प्रथम आहेर घेऊं. आहेर म्हणजे मुळांत वस्त्र. लुगडें, खण, धोतर, शेला, पागोटें हीं देण्याची रीत जुनी. रोख रुपया तिच्या जोडीला आला आणि हळूहळू पुढें सरकला. मांडवाच्या एका बाजूस सतरंजीवर कोणी लिहिता-वाचता माणूस वही घेऊन बसतो, नांव विचारतो, रक्कम मांडतो. नवख्या माणसाला हा प्रकार रूक्ष वाटेल. प्रेमाची भेट आणि तिचा जमाखर्च! पण ही वहीच आहेराचा आत्मा आहे. ज्यानें आपल्या मुलीच्या लग्नांत पांच रुपये घातले, त्याच्या घरच्या कार्यांत निदान तेवढे तरी घालावयाचे, आणि जमल्यास वर एखादा. ज्या घरीं कार्य आहे त्या घरीं एका दिवसांत गांवाची शिल्लक गोळा होते; पुढल्या वर्षीं ती दुसऱ्या घरीं जाते. इमारत नाहीं, मुनीम नाहीं, व्याज नाहीं, अशी ही पेढी पिढ्यान् पिढ्या चालली. म्हणून आहेर हें दान नव्हे. दान परत येत नाहीं; आहेर परत येतो, आणि परत येतो म्हणूनच घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं. आपल्याच माणसानें केलेल्या टीकेला आपण "घरचा आहेर" म्हणतों, त्यांतहि परतफेडीचा हाच गंमतीचा अर्थ दडलेला आहे.

या रुपयाची घडण समजून घेण्यासारखी आहे. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलुखासाठीं एकसारखा रुपया पाडला. त्याचें वजन एक तोळा, आणि त्यांत बारांपैकीं अकरा हिस्से शुद्ध चांदी. तेव्हां आहेराचा रुपया हा नुसता खूण म्हणून दिलेला तुकडा नव्हता. तो स्वतःच दागिन्याचा कच्चा माल होता. १८५३ त वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्यांच्या चाकांना शेतकऱ्यांनीं चांदीच्या धावा बसविल्याच्या आख्यायिका त्याच काळांतल्या. १८६७ त आगगाडी वऱ्हाडांतून पार नागपुरास पोंचली. आख्यायिका बाजूस ठेवल्या तरी एवढें खरें कीं, पुष्कळ घरांत प्रथमच चांदी आली आणि ती लग्नांच्या वाटेनें बायकांच्या अंगावर चढली.

पैसा नुसता न देतां सजवून देण्याची हौस आजची आहे असें कोणी समजूं नये. पुतळ्यांची माळ घ्या. तिच्यांतली पुतळी ही मूळची व्हेनिस शहराची सोन्याची मोहर. तीवरच्या ख्रिस्ती साधूच्या आणि तिकडच्या राज्यप्रमुखाच्या आकृती पाहून आपल्या लोकांनीं त्यांना राम-सीता ठरविलें आणि माळेंत ओंवून मोकळे झाले! बंजारा स्त्रियांनीं नाणीं कांचोळीवर आणि ओढणीवर टांकलीं. सव्वा रुपयाचा शकुन तर घरोघर होता. पूर्ण आंकडा म्हणजे शेवट. वरचा पाव म्हणजे पुढें चालू असल्याची खूण. तोच विचार आजच्या एकावन्न आणि एकशें एक या आंकड्यांत शिल्लक आहे. सव्वा रुपया मात्र आतां नाण्यांत देतां यावयाचा नाहीं, कारण पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ नंतर चलनांतून गेलें.

पण चांदीच्या या ठेवीवर एक मोठें संकट कोसळलें, आणि तें कोठल्याहि मांडवांत कोणाला दिसलें नाहीं. १८९३ पर्यंत कोणीहि चांदी घेऊन टांकसाळींत जावें आणि तिचे रुपये पाडून घ्यावे, अशी मुभा होती. त्यामुळें कड्यांतली चांदी आणि रुपयांतली चांदी यांचा भाव जवळजवळ एकच राही. जगांत चांदी स्वस्त होऊं लागली तेव्हां सरकारनें १८९३ त टांकसाळी लोकांना बंद केल्या. रुपयाची किंमत सरकारी शिक्क्यानें टिकली, चांदीची घसरतच गेली. पुढें १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. वऱ्हाडांत पीक गेलें, चारा गेला, जनावरें पटापट मेलीं, खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर माणसांची रीघ लागली. अंगावरचें कडें-वाकी घेऊन बाई सराफाकडे गेली, तेव्हां जगांतल्या भावानें एका रुपयांतली चांदी दहा आण्यांच्या आसपास उतरली होती. आहेरांत आलेला रुपया ज्यानें गाडग्यांत पुरून ठेवला त्याचे सोळा आणे शाबूत राहिले. ज्यानें तोच हौसेनें वितळवून लेकीला दागिना केला, त्याचे दहाच उरले. ठेव ठेवणाऱ्याच्या पदरीं कसलाहि दोष नसतां ती अशी आटूं शकते, हा त्या दुष्काळानें शिकविलेला कडू धडा.

आतां दुसऱ्या ठेवीकडे वळूं, म्हणजे वाळवणाकडे. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. या उन्हाला आपण शिव्या देतों, पण आपल्या आयाबायांनीं त्याला कामाला जुंपलें. धाब्यावर, अंगणांत, जुन्या धोतरावर कुरडया, पापड, शेवया, मुगवड्या पसरतात. काडीवर कणकेचा दोरा गुंडाळून केलेले सरगुंडे ही तर वऱ्हाडची खास मिरास. आमरसाबरोबर त्यांची चव ज्यानें घेतली तो विसरत नाहीं. यांतलेंच निवडक रुखवतांत मांडलें जातें. म्हणजे मांडवाच्या एका कोपऱ्यांत आहेराची वही, आणि दुसऱ्या कोपऱ्यांत वाळवणाचें रुखवत : उद्यांसाठीं ठेवलेला पैसा आणि उद्यांसाठीं ठेवलेलें अन्न.

ह्याच उन्हांत, ह्याच गांवांत, पण गांवकुसाबाहेर आणखी एक वाळवण चालत असे. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापावयाच्या, त्यांना मीठ चोळावयाचें, आणि दोरीवर किंवा काटक्यांवर टांगून कडक उन्हांत त्या लांकडासारख्या होईपर्यंत वाळवावयाच्या. या पट्ट्यांना चान्या म्हणत. यामागचें शास्त्र कुरडईच्या शास्त्राहून वेगळें नाहीं. ताज्या मांसांत सुमारें पाऊण हिस्सा पाणीच असतें. मीठ तें बाहेर ओढतें, ऊन आणि वारा तें उडवून नेतात, आणि पाण्यावांचून कुजविणारे जंतू वाढूं शकत नाहींत. पट्टी पातळ हवी, नाहींतर वरून कडक आणि आंतून ओली राहून ती नासते. चरबी काढून टाकावयाची, कारण चरबीला खवट वास येतो. वाळल्या चान्या मडक्यांत किंवा शिंकाळ्यांत राहत. लागतील तेव्हां निखाऱ्यावर भाजून भाकरीशीं खावयाच्या, किंवा कुटून डाळींत-भाजींत टाकावयाच्या. हें सारें हातांतलें कसब होतें, आणि तें मुख्यतः बायकांच्या हातांतलें होतें.

जगांत इतरत्र पाहावें तर हीच क्रिया आढळते. दक्षिण अमेरिकेंतल्या डोंगरी लोकांचा शब्द "चार्की". त्याच्यावरूनच इंग्रजींतला "जर्की" शब्द आला. दक्षिण आफ्रिकेंत "बिल्टाँग" आहे. ब्राझीलमध्यें तर खारविलेलें सुकें मांस हें मळ्यांवरच्या गुलामांचें अन्न होतें. आज त्याच पदार्थाच्या लहान लहान पुड्या मोठ्या शहरांच्या दुकानांत बऱ्याच किंमतीस विकल्या जातात, आणि हौशी मंडळी तो घरींहि करतात. तेव्हां पदार्थांत हीनपणा नाहीं हें उघड आहे. मग तो कोठून आला?

तो आला देण्याच्या रीतींतून. गांवांत मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम महार समाजाच्या माथीं होतें, आणि त्याचें मांस हा त्या कामाचा "हक्क" म्हणून सांगितला जाई. परंपरेनें महारांचे बावन्न हक्क मोजले जातात. त्यांत हें एक. नांव हक्काचें, पण देणाराचा तोटा कांहींच नाहीं, कारण त्याला तें जनावर नकोच होतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, घेणाऱ्याला तें कधींहि परत करतां येत नव्हतें. पाटलाच्या घरच्या लग्नांत महाराला उष्टें-शिळें अन्न मिळे. महाराच्या घरच्या लग्नांत पाटील आहेर घेऊन जात नसे. आहेराची वही दोन्ही बाजूंनीं लिहिली जाते. या देण्याघेण्याला वहीच नव्हती. मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानानें १९२५ सालीं देणगीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. ज्या देणगीची परतफेड होऊं शकत नाहीं ती घेणाऱ्याला खालच्या पायरीवर नेऊन बसविते, हें त्याच्या विवेचनाचें एक सूत्र. त्यानें दाखले घेतले दूरच्या बेटांवरचे. वऱ्हाडांतल्या कोणत्याहि गांवाच्या वेशीवर त्याला तो मिळाला असता. दुष्काळांत जनावरें अधिक मरत, म्हणजे धान्य नसे तेव्हां चान्या अधिक होत. ज्या वाळवणानें माणसें जगलीं, त्याच वाळवणाला बोट दाखवून त्यांना अस्पृश्य ठरविलें गेलें.

देण्याचें ओझें काय असतें हें आमच्या वऱ्हाडांत ज्यानें अंतःकरणापासून ओळखलें, तो पुरुष म्हणजे गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवीं परीट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. बालपण गेलें अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतल्या दापुऱ्यास, मामाच्या घरीं. मामाची जमीन सावकाराच्या कर्जांत गेलेली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. पुढें मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणें मांस आणि दारू यांची पंगत घालणें प्राप्त होतें. त्यांनीं ती मोडली आणि गोडाचें जेवण वाढलें. जातभाई रागावले. पण बाबांचा आक्षेप नुसता मांसावर नव्हता. ऋण काढून दिलेल्या पंगतीवर होता. अशी पंगत म्हणजे आहेराच्या उलट. आहेर गांवाची शिल्लक कार्य असलेल्या घरीं आणतो. ही पंगत त्या घराची शिल्लक एका रात्रींत खाऊन टाकते, आणि वही उरते ती सावकाराची. १९०५ सालीं घर सोडल्यानंतर अर्धशतकभर, १९५६ च्या डिसेंबरांत देह ठेवीपर्यंत, त्यांनीं गांवोगांवच्या कीर्तनांतून हेंच सांगितलें : ऋण काढून सण करूं नका, देवापुढें पशु मारूं नका, पोरांना शाळेंत घाला.

या इतिहासाला निर्णायक वळण मिळालें तें मात्र १९२७ सालीं. १९ आणि २० मार्च रोजीं कुलाबा जिल्ह्यांतल्या महाडास परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळें ती प्रसिद्ध आहे. पण तिथेंच डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचें आणि उष्टें अन्न न स्वीकारण्याचें आवाहन केलें, हें तितकें लक्षांत राहत नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान त्यांनींच भूषविलें. आणि मार्च १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत त्यांनीं वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. वऱ्हाड त्या मंडळाच्या कक्षेंत नव्हतें, पण मागणीचा रोख सर्वत्र सारखाच लागू होता : गांवानें मर्जीनें टाकलेल्या तुकड्यांऐवजीं कामाचा ठरलेला, रोख मोबदला मिळावा.

या बाबतींतली एक आठवण त्यांनीं १५ ऑक्टोबर १९५६ रोजीं, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं, नागपूरच्या भाषणांत सांगितली. मृत जनावरें सोडून दिल्यानें महारांचें केवढें नुकसान होत आहे, याचा हिशेब पूर्वीं केसरी पत्रांतून कोणी मांडला होता. गांवांत वर्षाला पन्नास जनावरें मेलीं तर कातडें, शिंगें, हाडें, मांस मिळून पांचशें रुपये होतात, तें उत्पन्न हे लोक गमावीत आहेत, असा त्या लिहिणाऱ्याचा कळवळा. बाबासाहेबांनीं दिलेलें उत्तर असें होतें कीं, ज्याला हा फायद्याचा धंदा वाटतो त्यानें तो स्वतः करावा. त्यांतला नफा तर त्याचाच, शिवाय आपण पदरचे पांचशें रुपये त्याला बक्षीस देऊं. हे पांचशें रुपये घ्यावयास कोणी पुढें आला नाहीं. आणि नेमकें तेंच सिद्ध करावयाचें होतें. हिशेबाच्या एका बाजूस पैसा मांडला जातो; पण दुसऱ्या बाजूस मान मांडावा लागतो, आणि तो मांडल्यावर बेरीज बदलते.

ही गोष्ट किती अवघड होती, याचा आपण सुखवस्तु माणसांनीं थोडा विचार करावा. ज्यांच्या घरांत दुसरी ठेव नव्हती, त्यांना असलेली एकमेव ठेव टाकून देण्यास सांगितलें गेलें, आणि त्यांनीं ती टाकली. दुष्काळांत मडक्यांत हात घालून कांहीं तरी हाताला लागेल, ही खात्री त्यांनीं सोडली ती पोट भरलें होतें म्हणून नव्हे. वतनांचें उच्चाटन करणारा कायदा यावयास १९५८ साल उजाडावें लागलें. दरम्यानचीं तीस वर्षें पुष्कळ घरांनीं मडकें रिकामें ठेवून काढलीं.

पुढल्या पिढ्यांनीं हा इतिहास लिहूनहि ठेवला. दया पवार यांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचें नांवच "बलुतं" आहे. शाहू पाटोळे यांनीं २०१५ त "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकांत मराठवाड्यांतल्या दलित समाजाचें अन्न, चान्यांसह, निःसंकोचपणें नोंदविलें. ज्याची लाज वाटावयास लाविलें गेलें, त्याची कृति आतां ग्रंथांत आली. १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यानें महाराष्ट्रांत गाईंच्या, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैल-वळूंच्याहि कत्तलीस बंदी झाली; तेव्हां आज कोणी हें वाळवण घातलें तर तें बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसाचें. तें करूं इच्छिणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आजचें आहारशास्त्र सांगतें कीं, वाळविण्यापूर्वीं मांस आंतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस, आणि कोंबडीचें ७४ अंश, तापवून घ्यावें. वऱ्हाडचें ऊन कितीहि कडक असलें तरी तें जंतू मारण्यास पुरत नाहीं. तें फक्त त्यांची वाढ थांबवितें.

आहेराचेंहि रूप पालटलें आहे. आतां नोटांचे हार होतात, नोटा दुमडून फुलें आणि मोर केले जातात, रुखवतांत नोटांची होडी तरंगते. हौस आहे, ती नांवें ठेवण्यासारखी नाहीं; मात्र नोटांचे हार करूं नयेत, त्यांना टांचण्या टोंचूं नयेत, असें रिझर्व्ह बँक वारंवार विनविते, तें ऐकावें. आणि १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखालीं १९८५ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवणें आवश्यक ठरलें आहे. म्हणजे आजोबांची आहेराची वही सरकारनेंहि मान्य केली म्हणावयाची! कारण मात्र दुःखद : आहेराच्या नांवाखालीं हुंडा वसूल होऊं लागला. मुलीच्या बापाकडून एकाच दिशेनें जाणारा पैसा हा आहेर नव्हे, कितीहि सुंदर कागदांत गुंडाळला तरी. ज्याची परतफेड समोरच्यानें मनांतहि धरलेली नाहीं, तें देणें बापाला त्याच जुन्या खालच्या पायरीवर नेऊन उभें करतें. फक्त येथें वांकावें लागतें तें देणाऱ्याला.

श्रोतेहो, या उन्हाळ्यांत आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कार्यें निघतील, गच्चीवर कुरडया पडतील, आणि कपाटांतली जुनी आहेराची वही खालीं काढली जाईल. कोणी काय दिलें होतें तें पाहून काय द्यावयाचें तें ठरेल. त्या वेळीं वहींतलीं नांवें एकदां सावकाश वाचावीं. मांडव घालणारा, वाजंत्री वाजविणारा, आवार झाडणारी, भांडीं घासणारी, यांचीं नांवें तींत आहेत काय? त्यांच्या घरच्या लग्नाला आपण कधीं पाट मांडून बसलों, कुंकू लावून सव्वा रुपया ठेवला, असें झालें आहे काय? झालें नसेल, तर तें पान अद्याप कोरें आहे, आणि कोरें पान भरावयास या लग्नसराईसारखा दुसरा मुहूर्त नाहीं.